शोकाची मुदत : दोन महिन्यांपासून बारा महिन्यांपर्यंत

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघाली आणि तिच्यात ‘प्रदीर्घ शोक विकार’ हे नवे निदान आले. जवळचे माणूस जाऊन बारा महिने उलटले, तरी त्याची ओढ जवळपास रोज तेवढ्याच तीव्रतेने लागत असेल, त्याच्या विचारातून मन निघतच नसेल आणि रोजचे जगणे ठप्प झाले असेल, तर ती अवस्था आता आजारात मोडते. मुले आणि किशोरवयीनांसाठी ही मुदत सहा महिन्यांची. जगभर वापरल्या जाणाऱ्या रोगवर्गीकरणात हेच निदान १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले होते. तिथे मात्र मोठ्या माणसांनाही सहा महिनेच पुरतात. म्हणजे नवरा जाऊन आठ महिने झालेल्या एखाद्या बाईला एक पुस्तक आजारी म्हणू शकते, दुसरे म्हणू शकत नाही. बाई तीच, दुःख तेच.

हा फरक कुठून आला ते समजायला मागे जावे लागते, पण फार मागे नाही. खरा गुंता गेल्या चाळीसेक वर्षांतला आहे.

त्याआधीचे थोडक्यात. लंडन शहराच्या १६३२ सालच्या मृत्यूनोंदीत ‘शोक’ हे मृत्यूचे एक कारण म्हणून दिलेले आहे आणि त्याच्यापुढे ११ हा आकडा आहे. आपण ‘हाय खाल्ली’ म्हणतो, तीच ही नोंद. ती अगदी भाबडी म्हणता येणार नाही. १९६९ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा नऊ वर्षे मागोवा घेतला होता. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी जास्त निघाले. पुढे ते हळूहळू नेहमीच्या पातळीवर आले. २०१२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात तर जवळचे माणूस गेल्यावर पहिल्या चोवीस तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २१ पटींनी वाढलेला दिसला. शोक शरीराला लागतो, याबद्दल आता कोणाचे दुमत नाही. त्याला आजार कधी म्हणायचे, वाद तेवढ्यावरच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रश्नाचे उत्तर सरळ होते : कधीच नाही. व्हिएन्नातल्या एका मनोविश्लेषकाने १९१७ मध्ये छापलेल्या निबंधात शोक आणि विषण्णता यांची तुलना केली आणि स्पष्ट लिहिले की शोकाला आजार मानण्याचे आपल्या मनातही येत नाही; तो काळावर सोडावा, त्यात ढवळाढवळ करणे निरुपयोगी, कदाचित घातकही. गेलेल्या माणसात गुंतलेले मन एकेक धागा सोडवत मोकळे होते, अशी त्याची मांडणी होती. पुढे १९२० मध्ये त्याची स्वतःची तरुण मुलगी फ्लूच्या साथीत गेली. नऊ वर्षांनी, मुलगा गमावलेल्या एका स्नेह्याला पत्र लिहिताना त्याने कबूल केले की आपले सांत्वन कधीच होणार नाही, रिकाम्या जागी काहीही आले तरी ते वेगळेच असते, आणि हे असेच असायला हवे. निबंध अभ्यासक्रमात राहिला. पत्र फारसे कोणी शिकवले नाही. पुढची कित्येक दशके शोकग्रस्तांना ‘मन सोडवून घ्या’ हाच सल्ला मिळत राहिला, त्याचे एक कारण मला यात दिसते.

वेळापत्रक प्रथम आले ते १९४४ मध्ये. बोस्टनमधल्या एका नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री आग लागून ४९२ माणसे मेली होती. तिथे वाचलेले, मेलेल्यांचे नातेवाईक आणि इतर काही शोकग्रस्त मिळून १०१ जणांच्या निरीक्षणांवरून एका मानसोपचारतज्ज्ञाने लेख लिहिला. घशात आवंढा, श्वास अपुरा पडणे, पोटात खड्डा, वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकणारे उमाळे हे त्याचे वर्णन आजही जसेच्या तसे पटते. पण त्याच लेखात असेही म्हटले आहे की साधा, न बिघडलेला शोक चार ते सहा आठवड्यांत, आठ-दहा भेटींमध्ये मार्गी लावता येतो. हे विधान फार लांबपर्यंत गेले.

शोकाच्या पाच टप्प्यांबद्दल (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) इथे फार लिहीत नाही, ते बहुतेकांना पाठ आहेत. एवढेच लक्षात असू द्यावे की १९६९ मधले ते टप्पे शिकागोत मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडले होते. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. २००७ मध्ये २३३ शोकग्रस्तांवर त्यांची पडताळणी झाली, तेव्हा ‘स्वीकार’ शेवटी येण्याऐवजी अगदी सुरुवातीपासूनच सर्वांत ठळक निघाला, आणि त्रास देणाऱ्या भावनांमध्ये राग किंवा उदासीपेक्षा ओढ वरचढ ठरली. या सगळ्या भावना सहा महिन्यांच्या आत शिखर गाठून उतरू लागतात, असेही त्यात दिसले. सहा महिन्यांच्या मुदतीला आधार मिळाला तो प्रामुख्याने इथे. त्या अभ्यासातून अपघाती आणि हिंसक मृत्यूंची प्रकरणे वगळली होती, ही गोष्ट मात्र उद्धृत करताना बहुतेक वेळा गळते.

आता १९८०. त्या वर्षीच्या निदान-पुस्तिकेने मानसिक आजार ओळखण्याची रीतच बदलली. कारणे शोधत बसण्याऐवजी लक्षणे मोजायची, ठरावीक संख्या आणि ठरावीक काळ भरला की निदान करायचे. नैराश्यासाठी दोन आठवडे ठरले. झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, रडू आवरत नाही. या यादीत नुकतेच माणूस गमावलेले जवळजवळ कोणीही बसले असते. म्हणून एक अपवाद घातला गेला : लक्षणे मृत्यूच्या शोकातून आली असतील तर त्याला नैराश्य म्हणू नये. १९९४ च्या आवृत्तीत या अपवादाला दोन महिन्यांची मर्यादा लागली. आत्महत्येचे विचार, स्वतः कवडीमोल असल्याची घट्ट भावना, भ्रम किंवा वागण्या-चालण्यात आलेली कमालीची मंदता असेल, तर अपवाद आधीही लागू होत नसे. म्हणजे गंभीर माणूस उपचारांविना राहू नये याची सोय त्यात होती, हे पुढच्या वादात वारंवार विसरले गेले.

दोन महिनेच का? दोन महिन्यांपाशी शोकाच्या स्वरूपात काही बदलते, असे कोणत्याही निरीक्षणात दिसलेले नव्हते. समितीला कुठेतरी रेघ ओढायची होती, ती तिथे ओढली गेली. जागतिक वर्गीकरणाच्या तेव्हाच्या आवृत्तीत नैराश्याच्या निकषांत असा अपवाद नव्हताच.

पुढे २००७ मध्ये एक विश्लेषण आले आणि त्याने हा अपवाद खिळखिळा केला. घटस्फोट, नोकरी जाणे अशा इतर धक्क्यांनंतर येणारी उदासी आणि मृत्यूनंतरची उदासी यांची लक्षणे बहुतांशी सारखीच असतात, असे त्यात दिसले. मग मृत्यूलाच वेगळा न्याय का? विश्लेषण करणाऱ्यांचा निष्कर्ष होता की अपवाद वाढवावा, इतर हानींनाही तो लागू करावा, म्हणजे जगण्यातले स्वाभाविक दुःख आजारांच्या यादीतून बाहेर राहील. दुसऱ्या बाजूने हेच आकडे हातात घेऊन उलटा निष्कर्ष काढला : फरक नाही ना, मग अपवादच काढून टाका. एकच माहिती दोन टोकांच्या मागण्यांसाठी वापरली गेल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

काढून टाकण्याच्या बाजूचे म्हणणे हलके नव्हते. नैराश्य मृत्यूमुळे आले म्हणून ते कमी जीवघेणे होत नाही. आधी नैराश्य येऊन गेलेल्यांना शोकात ते परत गाठते. ‘बायको गेली आहे, असे होणारच’ म्हणून डॉक्टरने परत पाठवलेल्या माणसाचे काय? शिवाय जिथे उपचारांचा खर्च विमा देतो, तिथे निदानाशिवाय दारच उघडत नाही. विरोधकांचे म्हणणे होते की यामुळे आई जाऊन पंधरवडा झालेल्या मुलीच्या हातात औषधाची चिठ्ठी पडेल. १९९४ च्या आवृत्तीचे काम ज्याच्या नेतृत्वाखाली झाले होते, तोच मानसोपचारतज्ज्ञ या बदलाविरुद्ध जाहीरपणे उभा राहिला. लंडनहून निघणाऱ्या एका जुन्या वैद्यकीय साप्ताहिकाने फेब्रुवारी २०१२ मध्ये संपादकीय लिहून शोकाचे वैद्यकीकरण करण्याला विरोध केला.

मे २०१३ मध्ये नवी आवृत्ती आली आणि अपवाद गेला. जे कारण दिले गेले ते मला आजही अस्वस्थ करते. शोक दोनच महिने चालतो असा समज दोन महिन्यांच्या मर्यादेमुळे होतो, प्रत्यक्षात तो एक ते दोन वर्षे चालतो, म्हणून मर्यादा काढली, असे सांगण्यात आले. कारण अगदी खरे आहे. पण मर्यादा चुकीची असेल तर ती वाढवायची असते. इथे मर्यादेबरोबर अपवादही गेला, आणि मागे उरले ते नैराश्याचे मूळचे दोन आठवडे. शोक दीर्घ असतो हे मान्य करण्यासाठी केलेल्या दुरुस्तीने शोकाला दिलेली सवलत आठ आठवड्यांवरून दोनवर आणली.

टीका वाढल्यावर एक टीप जोडण्यात आली. शोकात रितेपण आणि हरवल्याची जाणीव मुख्य असते, दुःख उमाळ्यांनी येते आणि मध्ये हसूही फुटते, स्वतःबद्दलचा आदर शाबूत राहतो. नैराश्यात उदासी सलग असते आणि मन स्वतःलाच खाते. टीप चांगली आहे, जो वाचील त्याला उपयोगी पडेल अशी. पण निकष मोजले जातात, टीप वाचावी लागते. दहा मिनिटांच्या तपासणीत यातले काय होते ते वेगळे सांगायला नको.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने एक वेगळाच धागा येऊन मिळाला होता, आणि इथे शब्दांचा गोंधळ सुरू होतो. नैराश्य नव्हे, पण शोकच अडकून राहिला आहे, अशा अवस्थेवर १९९० च्या दशकापासून काम सुरू होते. तिला आधी ‘गुंतागुंतीचा शोक’ म्हणाले, मग ‘आघातजन्य शोक’. २००१ च्या न्यूयॉर्कमधल्या हल्ल्यांनंतर ‘आघात’ या शब्दाने घोटाळा होऊ लागला, कारण आघातोत्तर तणावाचा विकार ही स्वतंत्र गोष्ट होती. म्हणून तो शब्द मागे पडला आणि पुढे ‘प्रदीर्घ’ रूढ झाला. अभ्यासकांचे दोन गट होते, दोघांचे निकष वेगळे, दोघांची नावे वेगळी. २०१३ च्या आवृत्तीने कोणाचेच नाव न घेता तिसरे, लांबलचक नाव बनवले आणि ‘अधिक अभ्यास हवा’ या विभागात ते ठेवून दिले. तिथली मुदत बारा महिने. २०२२ मध्ये नाव एका गटाचे आले, मुदत मात्र बारा महिन्यांचीच राहिली. २०१३ ची टीका ताजी असताना सहा महिने म्हणण्याचे धैर्य कोणाला झाले नसावे, असे मला वाटते. आठ महिन्यांच्या त्या बाईचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

मराठीत तर आणखी एक अडचण आहे. आपण दुःख, शोक, वियोग, दुखवटा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पण दुखवटा पाळायचा असतो, शोक होतो. आणि वियोग जिवंत माणसाचाही असू शकतो. निदानाच्या भाषांतरांत कधी ‘शोक’, कधी ‘दुःख’ येते. ‘प्रदीर्घ दुःख विकार’ असे वाचणाऱ्याला दुःख हाच विकार वाटला तर दोष त्याचा नाही. नव्या निकषांत कालावधीसोबत हेही नोंदवले आहे की शोक त्या माणसाच्या समाजात, संस्कृतीत, धर्मात जे स्वाभाविक मानले जाते त्याच्या स्पष्टपणे पलीकडे गेलेला असला पाहिजे. बातम्यांत मुदत आली, हे वाक्य आले नाही.

या निदानाची बाजू भक्कम आहे ती उपचारांमुळे. २००५ मध्ये अडकलेल्या शोकासाठीच बेतलेल्या १६ बैठकांच्या उपचाराची चाचणी प्रसिद्ध झाली. नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका मान्य मानसोपचार-पद्धतीने २८ टक्क्यांना गुण आला, या नव्या पद्धतीने ५१ टक्क्यांना. २०१६ मध्ये ३९५ जणांवरच्या चाचणीत त्याला नैराश्याच्या गोळीची जोड देऊन पाहिली. नैराश्याची लक्षणे आणखी उतरली, शोकाला गोळीने काही जास्तीचा फरक पडला नाही. शोक आणि नैराश्य वेगळे आहेत, हे तेहेतीस वर्षे अपवाद घालून आणि मग काढून जितके स्पष्ट झाले नाही, तितके या एका निकालाने झाले. नैसर्गिक मृत्यूनंतर शोक असा अडकून पडण्याचे प्रमाण साधारण दहात एक आहे, असे २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढण्यात आले. उरलेल्या नऊ जणांना दुःख होत नाही असे नव्हे. ते दुःखासकट सावरतात.

एक भोक मात्र १९८० पासून तसेच आहे. तेव्हाचा अपवाद मृत्यूपुरता होता, आजचे निदानही मृत्यूपुरतेच आहे. महिने मोजायचे ते मृत्यूच्या दिवसापासून. १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना ‘संदिग्ध हानी’ ही संज्ञा पुढे आली होती : माणूस गेला की आहे, हेच ठाऊक नाही, म्हणून शोकाला सुरुवातही करता येत नाही. समुद्रावरून न परतलेले, पुरात न सापडलेले, घरातून निघून गेलेले यांची माणसे आजही याच अवस्थेत जगतात. सहा महिने की बारा, या वादात त्यांची तारीखच कुठे लागत नाही.