दोन सीएफए फ्रँक : दर एक, चलने दोन

आफ्रिकेतील चलनांचा दरतक्ता पाहताना एक्सओएफ आणि एक्सएएफ या दोन संकेतनामांपाशी नजर अडखळते. युरोसमोर दोन्हींचा दर ६५५.९५७ हाच असतो आणि दोन्हींचे नावही सीएफए फ्रँक असेच लिहिलेले असते. एकच चलन तक्त्यात चुकून दोनदा आले असावे, असा समज त्यामुळे सहज होतो. प्रत्यक्षात ही दोन स्वतंत्र चलने आहेत आणि त्यांच्यातील 'एकास एक' हा दर कोणत्याही परस्पर करारातून आलेला नाही.

एक्सओएफ हे पश्चिम आफ्रिकेचे चलन. सेनेगल, आयव्हरी कोस्ट, माली, बुर्किना फासो, नायजर, बेनिन, टोगो आणि गिनी-बिसाऊ या आठ देशांसाठी ते डकार येथील मध्यवर्ती बँक काढते. एक्सएएफ हे मध्य आफ्रिकेचे चलन असून ते कॅमेरून, चाड, गॅबन, इक्वेटोरियल गिनी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि ब्राझाव्हिल राजधानी असलेले काँगो प्रजासत्ताक या सहा देशांत चालते. त्याची मध्यवर्ती बँक याउंदे येथे आहे. दोन्ही बँकांची परकीय चलनाची गंगाजळी वेगळी, व्याजदर वेगळे आणि नोटाही वेगळ्या आहेत. पश्चिमेकडील नोटांवर करवत माशाचे चिन्ह असते. मध्य आफ्रिकेच्या नोटांवर ते नसते.

दोन्ही चलनांचा उगम मात्र एकच आहे. फ्रान्सने डिसेंबर १९४५ मध्ये आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी सीएफए फ्रँक सुरू केला, तेव्हा एका सीएफए फ्रँकला १.७० फ्रेंच फ्रँक मिळत. ऑक्टोबर १९४८ पासून २ मिळू लागले. १९६० मध्ये फ्रान्सने शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक केला आणि हाच दर '५० सीएफए म्हणजे एक फ्रेंच फ्रँक' असा लिहिला जाऊ लागला. पुढे तेहतीस-चौतीस वर्षे तो तसाच राहिला. या काळात वसाहती स्वतंत्र झाल्या, पश्चिम आणि मध्य विभागांच्या मध्यवर्ती बँका वेगळ्या झाल्या, त्यांची मुख्यालये सत्तरच्या दशकात पॅरिसहून आफ्रिकेत आली. पण दोन्ही विभागांचा फ्रेंच फ्रँकशी असलेला दर सारखाच राहिल्यामुळे त्यांच्यातील हुंडणावळीचा प्रश्न कोणाला फारसा पडला नाही.

जानेवारी १९९४ मध्ये मात्र या व्यवस्थेची कसोटी लागली. ऐंशीच्या दशकात कोको, कॉफी आणि खनिज तेल यांचे भाव कोसळले होते, तर फ्रेंच फ्रँक बळकट ठेवण्याच्या पॅरिसच्या धोरणामुळे त्याला बांधलेला सीएफए फ्रँकही महाग राहिला होता. अखेर डकार येथील बैठकीनंतर निम्म्याने अवमूल्यन जाहीर झाले आणि एका फ्रेंच फ्रँकला ५० ऐवजी १०० सीएफए फ्रँक मोजावे लागू लागले. आयात केलेल्या तांदळाची आणि औषधांची झळ सामान्य कुटुंबांना तत्काळ बसली. दोन्ही विभागांनी एकाच वेळी एकाच प्रमाणात दर उतरवल्यामुळे त्यांच्यातील 'एकास एक' तेवढे शाबूत राहिले.

याच निर्णयात सामील असलेल्या कोमोरोस या बेटांच्या देशाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तोपर्यंत कोमोरोसचा फ्रँकही ५० ला एक फ्रेंच फ्रँक याच दराचा होता, म्हणजेच दोन्ही सीएफए फ्रँकांच्या बरोबरीचा होता. कोमोरोसने मात्र आपला दर ५० वरून १०० न करता ७५ केला. परिणामी १०० सीएफए फ्रँकांची किंमत एकदम ७५ कोमोरोस फ्रँक झाली, आणि फ्रेंच फ्रँकच्या जागी युरो आल्यावर कोमोरोसचा दर ४९१.९६७७५ ठरला, तर दोन्ही सीएफए फ्रँकांचा ६५५.९५७. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बरोबरी अशीच तुटू शकते, कारण तीही युरोशी बांधलेल्या दोन वेगळ्या गाठींचा परिणाम आहे आणि त्यांतील एक गाठ सैल करणे पुरेसे आहे.

व्यवहारात ही बरोबरी आजही अपुरीच आहे. दोन्ही बँकांनी एकमेकींच्या नोटा बदलून देणे १९९३ मध्ये थांबवले. त्यामुळे कॅमेरूनमधील दुआलाचा व्यापारी आयव्हरी कोस्टमधील आबिजानला नोटा घेऊन गेला, तर दुकानदार त्या स्वीकारत नाही आणि सराफ बट्टा कापून घेतो. दोन्ही विभागांची जमिनीवरील थेट सीमा फक्त नायजर आणि चाड यांच्यात आहे. एरवी मध्ये नायजेरिया आणि त्याचे नायरा हे चलन येते.

दोन्ही अर्थव्यवस्थांचे आधारही भिन्न आहेत. पश्चिमेकडे कोको, कापूस, काजू आणि सोने, तर मध्य आफ्रिकेत मुख्यतः खनिज तेल. २०१४ नंतर तेल उतरले तेव्हा मध्य विभागाची गंगाजळी झपाट्याने आटली आणि डिसेंबर २०१६ मध्ये याउंदे येथे जमलेल्या राष्ट्रप्रमुखांना अवमूल्यन करणार नाही, असे स्पष्ट करावे लागले. त्यांनी ते केले असते, तर पश्चिमेचा दर जागेवर राहून दोन फ्रँकांतील बरोबरी मोडली असती. डिसेंबर २०१९ मध्ये आबिजान येथे जाहीर झालेली सुधारणाही फक्त पश्चिमेपुरती होती: गंगाजळीचा निम्मा भाग फ्रेंच खजिन्यात ठेवण्याची अट रद्द झाली आणि चलनाला पुढे 'इको' हे नाव देण्याचे ठरले. युरोशी असलेला दर मात्र त्या वेळी बदलला नाही.

गोव्यातील आणि कोकणातील काजू कारखान्यांना लागणारा कच्चा काजू ज्या देशांतून येतो, त्यांपैकी आयव्हरी कोस्ट आणि गिनी-बिसाऊ हे एक्सओएफ वापरतात. तेथील खर्चाचा हिशेब किंवा करार करताना नुसते 'सीएफए' असे न लिहिता तीन अक्षरी संकेतनामही लिहावे, कारण बँक पैसे त्याच आधारे पाठवते.