खाजनाचा बांध कुणाचा?

पावसाळ्यात गोव्यातल्या तिसवाडीत किंवा सासष्टीत कुठेतरी खाडीकाठचा बांध फुटतो, खारं पाणी शेतात घुसतं आणि दोष उधाणाला दिला जातो. पण बांध बहुतेक वेळा आतून, हळूहळू जातो. खेकडा बीळ पाडतो. भरतीच्या वेळी शेताकडच्या अंगाला बोटाएवढी गढूळ धार दिसू लागते. त्या दिवशी दोन मुठी चिखल आणि गवताची पेंढी पुरते. पुढच्या अमावास्येच्या भरतीला तिथे माणूस शिरेल एवढं भगदाड असतं.

आमच्या गावात अशी धार मी स्वतः पाहिली होती. बांध बघणाऱ्या कमिटीवाल्यांना ठाऊक असेलच, असं समजून पुढे गेलो. नंतर कळलं की त्या आठवड्यात त्या वाटेने गेलेल्या पाच-सहा जणांनी ती पाहिली होती आणि सगळ्यांनी हेच समजून घेतलं होतं. महिन्याच्या आत शेत खारावलं.

गोव्यात अशी खाजन जमीन सुमारे 18 हजार हेक्टर आहे. ती भरतीच्या पातळीखाली असते, म्हणून तिचा सगळा जीव बांधात आणि मानशीत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारात. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. रचना इतकी साधी आहे की ती माणसाशिवायच चालते असं वाटतं. पण फळ्या कुजतात, फटीत ओंडका अडकतो, आणि ते बघायला रोज कुणीतरी लागतं.

हे बघणं पूर्वी गावकरीकडे, म्हणजे गावची जमीन सामायिकपणे सांभाळणाऱ्या गावकारांच्या मंडळाकडे होतं. पोर्तुगीज येण्याआधीपासून चालत आलेली ही संस्था. 1526 साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिच्या चालीरीती लिहून काढल्या, त्या मुख्यतः महसूल नीट वसूल व्हावा म्हणून. गावकरीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. शेतांची आणि मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची. त्या पैशातून सरकारचा कर, बांधाची डागडुजी, गावचे इतर खर्च भागायचे आणि उरलेलं गावकारांत जोण म्हणून वाटलं जायचं. बांध फुटला तर त्याचा फटका त्याच वर्षी घरात यायच्या जोणाला बसायचा. म्हणून धार दिसली की माणूस थांबत असे. मुकादमाची वाट बघत बसायची गरज नव्हती.

हे रामराज्य नव्हतं, हेही सांगितलंच पाहिजे. गावकारपण जन्माने मिळायचं आणि तेही पुरुषालाच. ज्या कुणब्यांनी आणि गावड्यांनी डोक्यावरून चिखल वाहून बांध उभे केले, त्यांना त्या बैठकीत जागा नव्हती. पुढे पोर्तुगीज अमलात गावकरीवर, म्हणजे त्यांच्या भाषेत कोमुनिदादीवर, सरकारी देखरेख आली, हिस्से विकाऊ झाले, आणि मुंबईला स्थायिक झालेला गावकारही जोणाचा धनी राहिला. बांधावर पाय न ठेवता वाटा घेणारे वाढले. कोमुनिदादींची आजही लागू असलेली संहिता 15 एप्रिल 1961 ची, म्हणजे गोवामुक्तीच्या जेमतेम आठ महिने आधीची.

मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला. कसणाऱ्याला संरक्षण मिळालं, खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शावर बांधला गेला. शतकानुशतकं राबलेल्यांना मिळालेला हा न्याय होता आणि तो मागे घ्यावा असं मला कधीच वाटलं नाही. पण खंड घटला तशी कोमुनिदादीची बांधावर खर्च करायची ऐपत गेली आणि तिची आस्थाही आटली. ती जागा भरायला 1975 मध्ये कुळांच्या सामायिक जबाबदारीचे नियम झाले, कुळांच्या असोसिएशन उभ्या राहिल्या. 1976 च्या दुरुस्तीने कूळ मालक झालं. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर प्रत्येकाचं शेत वेगळं दिसू लागलं. बांध मात्र सगळ्यांचा राहिला.

त्यात मानशीची पावणी आली. पावणी घेणाऱ्याला मासळी आणि सुंगटं (कोळंबी) हवीत, म्हणून खारं पाणी आत हवं. शेतकऱ्याला ते बाहेर हवं. पूर्वी दोन्ही जमा एकाच वहीत पडत, त्यामुळे कुणाला किती झुकतं माप द्यायचं हे गावाला तिथेच ठरवावं लागे. आता भात तोट्यात, मासळी नफ्यात. शेत पडीक ठेवणाऱ्यालाही पावणीचा वाटा मिळत असेल, तर त्याने बांधासाठी मजूर का लावावेत? त्यात दुष्टपणा नसतो. ज्याचा त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच असतो, आणि त्या बरोबर हिशेबांतूनच बांध जातो.

याचा अभ्यास बाहेर फार पूर्वी सुरू झाला. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढायला माणसं लावून पाहिलं. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. त्याचे निष्कर्ष 1913 मध्ये छापले गेले. 1968 मध्ये डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगात दाखवलं की संकट आणखी लोकांना कळलेलं आहे असं वाटलं की माणूस मदतीला धावायला कचरतो. आमच्या बांधावरची ती धार मला तिथे पुन्हा दिसते. त्याच वर्षी गॅरेट हार्डिन या पर्यावरणशास्त्रज्ञाने मांडलं की सामायिक कुरण उजाड होणारच. त्याचं कुरण कुणालाही मोकळं होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधली गावकुरणं आणि स्पेनमधले पाटपाण्याचे जुने नियम तपासले. जिथे सभासद कोण हे ठरलेलं होतं, राखण आपल्यातल्याच माणसाची होती आणि चुकणाऱ्याला दंड बसत होता, तिथे सामायिक गोष्टी शेकडो वर्षं टिकल्या होत्या. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. त्यांची ही यादी वाचताना मला आपल्या गावकरीची वही आठवते, आणि त्या वहीत ज्यांची नावं कधी आली नाहीत तेही.

आमच्या त्या शेतात मीठ धुवून निघायला काही पावसाळे हवे होते. तेवढी उसंत मिळाली नाही. बांध बुजवायचा खर्च कुणी उचलायचा यावर बैठका लांबत गेल्या आणि दरम्यान खारफुटीची रोपं वर आली. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय ती काढता येत नाही. उताऱ्यावर अजून भातशेतीच लिहिलेली आहे. ओहोटीला तिथे बगळे उतरतात, आणि कोरगुटाचं, म्हणजे खाऱ्या जमिनीत येणाऱ्या भाताचं, बियाणं आता आमच्या वाड्यावर कुणाकडेच नाही.