उत्तर आयर्लंड मतदारसंघ, यूरोपीय संसद

यूरोपीय संसदेतील संयुक्त राजतंत्राचा (युनायटेड किंग्डमचा) एक माजी बहुसदस्यीय मतदारसंघ. कालखंड १९७९–२०२०. सदस्यसंख्या अखेरपर्यंत तीन. संपूर्ण उत्तर आयर्लंड हा एकच मतदारसंघ होता आणि निवडणूक एकल संक्रमणीय मत पद्धतीने होई (मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि विजयी उमेदवाराची जादा किंवा बाद उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे हस्तांतरित होतात). ग्रेट ब्रिटनमध्ये १९९४ पर्यंत एकसदस्यीय मतदारसंघ आणि सर्वाधिक मते मिळवणारा विजयी हीच रीत होती. १९९९ पासून तेथे प्रादेशिक पक्षयाद्या आल्या. त्यामुळे एकाच देशाचे प्रतिनिधी चाळीस वर्षे दोन निराळ्या पद्धतींनी निवडून जात राहिले.

जागा तीनच का, हा या मतदारसंघाच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. जुलै १९७६ मध्ये यूरोपीय परिषदेत (सदस्यदेशांच्या शासनप्रमुखांच्या बैठकीत) ४१० सदस्यांच्या थेट निवडून येणाऱ्या सभागृहावर एकमत झाले आणि ब्रिटनच्या वाट्याला ८१ जागा आल्या. त्या वेळी उत्तर आयर्लंडची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास, तर संपूर्ण देशाची साडेपाच कोटींहून थोडी अधिक होती. या प्रमाणात वाटणी केली, तर प्रदेशाला जेमतेम दोन जागा येतात. तरीही १९७८ च्या कायद्यात इंग्लंडला ६६, स्कॉटलंडला ८, वेल्सला ४ आणि उत्तर आयर्लंडला ३ जागा देण्यात आल्या. लहान घटकांना झुकते माप दिले गेले, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. स्कॉटलंडच्या बाबतीत ते थोडेफार लागू पडते, पण वेल्सच्या चार जागा लोकसंख्येच्या प्रमाणातच आहेत. तिसरी जागा अल्पसंख्य राष्ट्रवादी (आयर्लंडशी एकीकरण इच्छिणाऱ्या, मुख्यतः कॅथलिक) समाजाचा एक प्रतिनिधी निवडून यावा म्हणून जोडली गेली, हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. नुसत्या गणितानेही त्याला पुष्टी मिळते.

या पद्धतीत विजयासाठी लागणारा कोटा म्हणजे वैध मतांना जागांहून एकने अधिक अशा संख्येने भागून येणाऱ्या भागाकारात एक मिळवणे. राज्यसभेच्या किंवा विधान परिषदेच्या निवडणुकीतील पसंतीक्रमाची मोजणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा हिशेब परिचित असेल. दोन जागा असत्या, तर कोटा एक तृतीयांशाच्या वर गेला असता. तीन जागांमुळे तो एक चतुर्थांशावर आला. १९७९ मध्ये राष्ट्रवादी उमेदवार जॉन ह्यूम यांना पहिल्या पसंतीची २४·६ टक्के मते पडली, म्हणजे कोट्याला अगदी थोडी कमी. जागा दोन असत्या, तर हस्तांतरित मतांच्या बळावर दोन्ही युनियनिस्टांकडे (ब्रिटनशी ऐक्य राखू पाहणाऱ्यांकडे) जाण्याचाच संभव अधिक होता. प्रदेशाचे तीन एकसदस्यीय तुकडे पाडले असते, तरी निष्पत्ती फारशी वेगळी झाली नसती. ब्रिटनच्या इतर भागांपेक्षा वेगळी रीत आपल्यावर लादली जाते, ही युनियनिस्टांची तक्रार होती. मात्र ही पद्धत तेथे नवी नव्हती. स्टॉर्मंट संसदेच्या (उत्तर आयर्लंडच्या प्रांतिक संसदेच्या) १९२१ व १९२५ च्या निवडणुका याच पद्धतीने झाल्या होत्या. पुढे १९२९ च्या निवडणुकीपासून ती बंद झाली आणि १९७३ मध्ये स्थानिक संस्था व प्रांतिक सभेसाठी पुन्हा आणली गेली.

पहिली निवडणूक ७ जून १९७९ रोजी झाली. डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाचे इयान पेझली १,७०,६८८ मते घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आले. त्यांच्यामागून सोशल डेमोक्रॅटिक अँड लेबर पक्षाचे ह्यूम आणि अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे जॉन टेलर निवडून आले. टेलर यांच्याच पक्षाचे नेते हॅरी वेस्ट पराभूत झाले आणि त्यांनी नेतेपद सोडले. पुढची पंचवीस वर्षे दोन युनियनिस्ट आणि एक राष्ट्रवादी ही विभागणी बदलली नाही. पेझली व ह्यूम प्रत्येक वेळी निवडून आले, टेलर यांच्या जागी १९८९ पासून जिम निकोल्सन आले. पहिल्या क्रमांकाची चुरस मात्र वाढत गेली. १९९४ मध्ये पेझली ह्यूम यांच्या पुढे होते ते अवघ्या सव्वा हजार मतांनी आणि १९९९ मध्ये सुमारे दोन हजारांनी.

तिघेही सभागृहात वेगवेगळ्या बाकांवर बसत. ह्यूम समाजवादी गटात होते, पेझली कोणत्याच गटात नव्हते. पोप जॉन पॉल दुसरे ऑक्टोबर १९८८ मध्ये स्ट्रासबर्गला भाषण करीत असताना पेझलींनी आरडाओरड केली आणि त्यांना सभागृहाबाहेर काढण्यात आले. या प्रसंगाचाच उल्लेख सर्वत्र आढळतो. त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी मागे पडतात. डेन्मार्कचे सदस्य नील्स हागेरुप यांचा उत्तर आयर्लंडविषयीचा अहवाल मार्च १९८४ मध्ये १२४ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. ब्रिटिश सरकारचा त्याला विरोध होता. त्यात सत्तेची वाटणी आणि लंडन–डब्लिन सहकार्य यांवर भर होता. १९८५ च्या ब्रिटिश–आयरिश कराराचे मूळ काहीजण या अहवालात शोधतात, पण त्याने त्या कराराला अनुकूल हवा तयार केली, इतकेच म्हणणे सयुक्तिक ठरेल. दुसरी गोष्ट शांतता व सलोखा कार्यक्रमाची. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र गटांच्या १९९४ च्या शस्त्रसंधीनंतर ह्यूम, पेझली आणि निकोल्सन हे तिघे यूरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाक दलॉर यांच्याकडे एकत्र गेले. त्यातून १९९५–९९ साठी ५० कोटी एक्यूंचा (तत्कालीन यूरोपीय चलन-एकक) निधी उभा राहिला. मायदेशी एका व्यासपीठावर न येणारे हे तिघे प्रदेशाच्या पैशासाठी एकत्र आले, याची नोंद स्वतंत्रपणे व्हायला हवी.

पेझली व ह्यूम २००४ मध्ये उभे राहिले नाहीत. ह्यूम यांच्या पक्षाची जागा शिन फेन या दुसऱ्या राष्ट्रवादी पक्षाच्या बार्ब्रे द ब्रुन यांना मिळाली. २००९ मध्ये त्या सर्वाधिक मते मिळवणाऱ्या पहिल्या राष्ट्रवादी उमेदवार ठरल्या. त्या वेळी युनियनिस्ट मते फुटली होती, ही बाब त्या यशाचा अर्थ लावताना ध्यानात घ्यावी लागते. २०१२ मध्ये त्यांच्या जागी मार्टिना अँडरसन आल्या. रविवारचे धार्मिक पावित्र्य जपण्यासाठी येथील मतमोजणी सोमवारी होई, तर ग्रेट ब्रिटनमधील बहुतेक निकाल रविवारी रात्रीच लागलेले असत.

२३ मे २०१९ ची निवडणूक शेवटची ठरली. अँडरसन, डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या डायेन डॉड्स आणि अलायन्स पक्षाच्या नेओमी लाँग निवडून आल्या. तिन्ही महिला होत्या आणि अल्स्टर युनियनिस्टांची जागा प्रथमच गेली. दोन्ही छावण्यांपासून अलग राहणारा पक्षही त्याच एक चतुर्थांशाच्या कोट्यामुळे आत आला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन यूरोपीय संघातून बाहेर पडला आणि मतदारसंघ संपुष्टात आला. ब्रिटनच्या रिकाम्या झालेल्या जागांपैकी दोन आयर्लंड प्रजासत्ताकाला मिळाल्या. त्या उत्तरेसाठी राखाव्यात ही सूचना मान्य झाली नाही. त्या डब्लिन व दक्षिण या मतदारसंघांना जोडण्यात आल्या आणि तेथे २०१९ मध्येच निवडून आलेले दोन सदस्य १ फेब्रुवारी २०२० पासून सभागृहात बसू लागले.