न दिसलेल्या पक्ष्याची नोंद

२० मार्चला जागतिक चिमणी दिन आला की आमच्या रत्नागिरीत व्हॉट्सॲपवर तोच जुना निरोप फिरायला लागतो: मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या. मांडवीतला कोणी म्हणतो, आमच्या पडवीत रोज येतात. दुसरा म्हणतो, वर्षभरात एक दिसली नाही. दोघंही खरं बोलत असतात, पण त्यातून चिमण्या घटल्या की वाढल्या याचा काही पत्ता लागत नाही.

२०२० साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर एक मोठा अहवाल आला. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर पंधरा हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे एक कोटी नोंदी त्यासाठी तपासल्या होत्या. चिमणी देशभरात साधारण पंचवीस वर्षं स्थिर आहे आणि मोठ्या महानगरांत घटलेली दिसते, असं त्यात निघालं. टॉवरच्या लहरींना दोषी धरावं असा पुरावा मात्र मिळाला नाही.

या असल्या नोंदींत मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘पूर्ण यादी’. दिसलेला नि ऐकलेला, ओळखता आलेला प्रत्येक पक्षी तीत लिहायचा, कावळासुद्धा. मग जो पक्षी यादीत नाही, तो ‘शोधूनही सापडला नाही’ असं धरता येतं. नुसता धनेशाचा फोटो टाकला तर बाकीच्या पक्ष्यांचं असं ‘सापडला नाही’चं शून्य मिळत नाही.

पण सापडला नाही म्हणजे तिथे नव्हताच का? या प्रश्नाला २००२ मध्ये संख्याशास्त्रज्ञ डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत कामाला येते. ती मला इतकी आवडते की थोडं गणित सोसावं लागेल.

समजा, शहरातल्या २४ जागा निवडल्या: थिबा पॉइंटची बाग, भाट्याचं सुरूबन, शाळांची आवारं, देवळामागच्या राया, कडेची हापूसची कलमं. प्रत्येक जागी तीन फेऱ्या केल्या आणि दयाळ शोधला. तो १४ जागी सापडला: ८ ठिकाणी पहिल्याच फेरीत, ४ ठिकाणी दुसऱ्या फेरीत, २ ठिकाणी थेट तिसऱ्या. आता फक्त पहिल्यांदा सापडल्यानंतरच्या फेऱ्या घ्या. पहिल्या आठ जागांच्या उरलेल्या १६ आणि पुढच्या चारांच्या ४, मिळून २०. या वीसही वेळा दयाळ त्या जागेत राहतो हे आपल्याला ठाऊक होतं. त्यांतल्या १० फेऱ्यांत तो सापडला असेल, तर असलेला दयाळ एका फेरीत सापडण्याची शक्यता निम्मी. पहिली भेट का वगळायची? कारण त्या भेटीमुळेच ती जागा हिशेबात आली; ती धरली तर शक्यता उगाच फुगते.

निम्म्या शक्यतेचा पक्षी तिन्ही फेऱ्यांत निसटण्याची शक्यता १/२ × १/२ × १/२, म्हणजे १/८. म्हणजे दयाळ असलेल्या जागांपैकी सात-अष्टमांशच आपल्या हाती लागल्या. १४ भागिले ७/८ केलं की १६ येतात. दोन जागी दयाळ होता आणि आपण तिथून हात हलवत परतलो! त्या दोन कुठल्या, हे गणित सांगत नाही. पण ‘चौदाच’ म्हणणाऱ्यापेक्षा आपण खऱ्याच्या जवळ पोचलो. प्रत्यक्षात हे काम संगणक जास्त नेमकेपणाने करतो. गाभा मात्र हाच.

यात एक अट आहे: तीन फेऱ्यांच्या काळात पक्ष्याने जागा सोडता कामा नये. ऑक्टोबरात स्थलांतरित पक्षी भाट्याच्या खाडीवर उतरत असताना महिना-महिन्याच्या अंतराने फेऱ्या केल्या तर सगळं गणित कोलमडतं. शिवाय सापडण्याची शक्यता ऋतूप्रमाणे बदलते. पावसाच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा’ सुरू झालं की लोक म्हणतात, पावशा आला. बराचसा तो इथेच असतो, हिवाळ्यात गप्प असतो इतकंच.

आणि शक्यता माणसावरही ठरते. टिटवी रात्री ओरडली की घरात कोणीतरी जाणार, असं अजून मानणारे आहेत. ती जमिनीवर अंडी घालते, कुत्रं किंवा माणूस जवळ आला की कलकलाट करते, एवढंच त्यात आहे. पण या भीतीपायी टिटवी सगळ्यांच्या ध्यानात राहते. भारद्वाजाचंही तेच, त्याचं दर्शन शुभ मानतात म्हणून. शेजारच्या झुडपात टिवटिवणारा शिंपी कोणाच्याच खिजगणतीत नसतो. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपचंही फार कौतुक नको. दुसऱ्यांच्या हुबेहूब नकला करणाऱ्या भृंगराज कोतवालापुढे तेही फसू शकतं.

तेव्हा आपल्या शहरात अशी मोजणी जूनपूर्वी सुरू करायची तर जागा ठरवून घ्या, प्रत्येक जागी पंधरा मिनिटं थांबा, तिन्ही फेऱ्या दोन-तीन आठवड्यांत उरका. सुरू केल्याची वेळ, वारा, पाऊस आणि निरीक्षक कोण होता, हेही दर वेळी लिहा. सकाळी सातचा दयाळ आणि भर दुपारचा दयाळ यांची सापडण्याची शक्यता मग वेगवेगळी धरता येते.