दिवाळीत दहा हजार पावले झाली नाहीत तर?
फराळाच्या गडबडीत आणि पाहुण्यांच्या सरबराईत सकाळचे फिरणे सुटले, की ‘दहा हजार पावले होणार नसतील तर चालून काय उपयोग’ असे म्हणत अनेक जण उरलेसुरले चालणेही सोडतात आणि वर मनाला रुखरुख लावून घेतात. वास्तविक हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेलाच नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानमध्ये ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, या नावाचे यंत्र विक्रीस आले आणि त्या नावातला गोल आकडा जगभर रूढ झाला. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि ७,५०० च्या आसपास हा फरक वाढायचा थांबला. सलग दहा मिनिटे तरी चालले पाहिजे, ही अटही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत उरलेली नाही. त्यामुळे माळा आवरताना किंवा जिने चढताना श्वास थोडा वाढला, तर ते श्रमही हिशेबात धरावेत. बैठक मारून चकल्या पाडणे मात्र, हात कितीही भरून आले तरी, त्यात बसत नाही.