शेत एकाचं, सरासरी काउंटीची

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ९९ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आहेत आणि जवळपास सगळीकडे मका आणि सोयाबीन. तिथल्या मका उत्पादकाला सरकारी मदत मिळते, तेव्हा पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या शेतात किती पिकलं हे पाहिलंच जात नाही. पाहिलं जातं ते काउंटीचं सरासरी उत्पादन. २०१४ च्या शेती कायद्याने आणलेली ‘आर्क-काउंटी’ ही योजना अशी चालते.

हिशेब सरळ आहे. मागच्या पाच वर्षांतलं सर्वांत चांगलं आणि सर्वांत वाईट वर्ष वगळायचं आणि उरलेल्या तिन्हींची सरासरी काढायची. काउंटीच्या उत्पादनाची एक, देशातल्या भावाची दुसरी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकरी अपेक्षित उत्पन्न. समजा, एकरी १८० बुशेल (मक्याचा एक बुशेल म्हणजे सुमारे २५.४ किलो) आणि भाव ४.१० डॉलर. उत्पन्न झालं ७३८ डॉलर. २०२५ च्या कायद्यानुसार याच्या ९० टक्क्यांची, म्हणजे ६६४ डॉलरची हमी असते. यंदा काउंटीत १७० बुशेल पिकले आणि भाव ३.७० डॉलर राहिला, तर उत्पन्न ६२९ डॉलर. तूट ३५ डॉलरची. ती नोंदीतल्या क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवरच दिली जाते, म्हणून हातात येतात एकरी साधारण ३० डॉलर.

हे क्षेत्रही जुन्या नोंदीतलं. यंदा मक्याच्या जागी सोयाबीन पेरला, तरी मदत मक्याच्या नोंदीवरच ठरते. पैसेही उशिरा मिळतात, कारण सरासरी भाव ज्यावरून ठरतो ते मक्याचं बाजार-वर्ष पुढच्या ३१ ऑगस्टला संपतं. २०२५ च्या पिकाची मदत ऑक्टोबर २०२६ पासूनच.

मग प्रत्येक शेत का मोजत नाहीत? एक तर खर्च. दुसरं, नुकसानभरपाई स्वतःच्या उत्पादनावर बेतली की मेहनत कमी करण्याचा मोह होतो, आणि ज्याला नुकसानीची खात्री आहे तोच आधी नाव नोंदवतो. काउंटीची सरासरी मात्र एकट्या शेतकऱ्याला हलवता येत नाही. हॅरोल्ड हॅलक्रो यांनी हा विचार १९४९ मध्येच अमेरिकेत मांडला होता. आपल्याकडे पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली पीकविम्यासाठी अख्ख्या परिसराच्या सरासरीचीच कास धरली, आणि १९७९ ची पथदर्शी योजना त्याच पायावर उभी राहिली.

या युक्तीची किंमत संख्याशास्त्रात दिसते. शेताचं उत्पादन काउंटीच्या उत्पादनाबरोबर किती जुळून वरखाली होतं, ते सहसंबंधावरून कळतं. तो ०.८ असेल, तर शेतातल्या चढउताराचा ०.८ चा वर्ग, म्हणजे ६४ टक्केच भाग सरासरीत पकडला जातो. उरलेले ३६ टक्के शेतकऱ्याच्या अंगावर. दुष्काळ सगळ्या काउंटीवर पडतो, तेव्हा हा सहसंबंध वाढतो. गारपीट किंवा वादळ एका पट्ट्यात येतं, तेव्हा तो कोसळतो. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवाच्या मध्यभागातून पश्चिमेकडून पूर्वेकडे एक भयंकर वादळ गेलं. त्याने मका आडवा केला, पण पट्ट्याबाहेरचा उभाच राहिला. काउंटीचा निम्मा भाग वाचला असेल, तर त्या निम्म्यामुळे सरासरी वर राहते आणि ज्याचं सगळं गेलं त्याच्या मदतीला कात्री लागते.

सरासरीचा पट्टा लहान केला की ही चूक घटते, पण मोजणीची गरज वाढते आणि थोड्या नमुन्यांवर काढलेला आकडा स्वतःच डळमळीत होतो. मला हा पेच पीकविम्याचा गाभा वाटतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

अमेरिकेत ही योजना एकटी नाही. बहुतेक मका उत्पादक तिच्याबरोबर स्वतःच्या शेताच्या उत्पादनावर बेतलेला, सरकारी अनुदानाचा विमाही घेतात. काउंटीची सरासरी चुकली तरी तो हात देतो. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून भरपाई महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पादनावर टेकली, आणि ही सरासरी बऱ्याच अंशी पीक कापणी प्रयोगांतून, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून केलेल्या मोजणीतून, निघते. गारपिटीसारख्या स्थानिक नुकसानीचं संरक्षण काढून घेतलं गेलं. म्हणजे सरासरीत न मावलेला तो भाग सावरणारी दुसरी पातळी इथल्या शेतकऱ्याला त्या बदलानंतर विम्यात उरली नाही. महसूल मंडळात कापणी प्रयोग कुठे, किती आणि किती काटेकोरपणे होतात, यावर त्याची भरपाई बऱ्याच अंशी अवलंबून आहे.