सरपंच पाडायचा कोणी?

आमच्या भागात ‘अविश्वास आणला’ एवढं कानावर आलं की कोणावर, हे विचारावं लागत नाही. तहसीलमध्ये नोटीस पडते आणि त्याच रात्री चार-पाच सदस्य गावातून दिसेनासे होतात. कोणी म्हणतं शेगावला गेले, कोणी म्हणतं चिखलदऱ्याला. सभेच्या दिवशी सगळे एकाच गाडीतून उतरतात, हात वर करतात, आणि सरपंच पडतो. गाव बाहेर पारावर बसून निकालाची वाट पाहतं.

कारभारी बदलायची ही सोयसुद्धा तशी अलीकडचीच. पूर्व विदर्भात गाव मालगुजाराचं होतं, वऱ्हाडात वतनदार पाटलाचं; त्यांना हटवायला रयतेच्या हाती काही नव्हतं. मध्यप्रांत-वऱ्हाडचा पंचायत कायदा १९४६ चा. १९४८ च्या कायद्याने जनपद सभा, म्हणजे तहसील पातळीवरच्या स्थानिक संस्था आल्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा इथेही लागू झाला. त्यातलं कलम ३५ म्हणजेच हा अविश्वास.

सरपंच सदस्यांनी निवडलेला असेल तर त्याचं गणित सदस्यांना तोंडपाठ असतं. नोटिशीला एक तृतीयांश सदस्य, ठराव पास व्हायला दोन तृतीयांश. सात जणांच्या पंचायतीत पाच. पद महिलेसाठी राखीव असेल तर तीन चतुर्थांश, म्हणजे सहा. तिला स्वतःचं मत आणि आणखी एक जण पुरतो. त्या एकासाठी काय काय होतं, ते गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मतदार या चित्रात आला २०१७ मध्ये. सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, मग त्याला फक्त सदस्यांनी पाडणं बरं दिसेना. सदस्यांचा तीन चतुर्थांश ठराव, आणि त्यावर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान, अशी दोन दारं झाली. २०२० मध्ये थेट निवड रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे धुऱ्याला धुरा लागून असलेल्या दोन गावांत एक सरपंच सदस्यांनी निवडलेला, दुसरा गावाने, असं काही वर्षं चाललं.

गोंदियाच्या पलीकडचा मुलूख एकेकाळी आपल्याच प्रांतातला, राजधानी नागपूर. तिथल्या शहरांत मात्र नगराध्यक्षाला परत बोलावायचं मतदान सगळे मतदार करतात. चिन्हं दोन : खाली, म्हणजे रिकामी खुर्ची (अध्यक्ष हटवा) आणि भरी, म्हणजे भरलेली खुर्ची (अध्यक्ष ठेवा). मध्य प्रदेशात अनूपपूरला २००१ मध्ये खाली खुर्ची जिंकली. छत्तीसगडमध्ये २००८ साली नवागढ, गुंडरदेही आणि राजपूर इथल्या अध्यक्षांना घरी जावं लागलं. पण तिथेही आधी तीन चतुर्थांश नगरसेवकांच्या सह्या लागतात. किल्ली सदस्यांकडेच.

चिन्हाचं म्हणाल तर आपल्याकडे बाटली आहे. दारूचं दुकान बंद करायला पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान घेता येतं, उभी बाटली की आडवी. सह्यांचे कागद घेऊन बाया दारोदार फिरतात, कोणत्याही सदस्याला न विचारता. सरपंचासाठी असा कागद फिरवायची सोय कलम ३५ मध्ये नाही.